अन्ननलिकेला छिद्र, आणि ऑपरेशनशिवाय सोळा दिवस

गिरणगावची

बाबांना परवा घरी आणलं. सोळा दिवस हॉस्पिटलात होतो. रात्री वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर बसून मी मोबाइलवर 'अन्ननलिका फाटली' असं मराठीत शोधत होते आणि हाताला काही लागत नव्हतं. इंग्रजीत जे सापडलं ते वाचून हातपाय गळाले. म्हणून आठवतंय तोवर सगळं इथे लिहून ठेवते. मी डॉक्टर नाही. काही चुकलं असेल तर जाणकारांनी जरूर दुरुस्त करावं.

मार्गशीर्ष लागायच्या आधीचा शेवटचा रविवार. महिनाभर घरात मासे येणार नाहीत म्हणून आईने करली आणली होती. करली खाणाऱ्यांना सांगायला नको, चव अशी की बोटं चाटावीत, पण अंगभर बारीक दुबेळके काटे. बाबा अडुसष्ट वर्षांचे, गोदीतून निवृत्त, जन्मभर मासे खाल्लेले. पण दिवाळीत नवी कवळी बसवली होती. कवळीने टाळू झाकला गेला की तोंडात काटा राहिलाय हे लवकर कळत नाही, हे आम्हाला नंतर डॉक्टरांकडून समजलं.

काटा अडकला. मग आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला उपाय केला: कोरड्या भाताचा मुटका न चावता गिळायचा. दोन मुटके झाले, वर अर्धं केळं झालं. बाबा म्हणाले, "गेला खाली." आम्ही भांडी उचलली.

संध्याकाळी गिळताना दुखायला लागलं. सोमवारी जवळच्या दवाखान्यात गेलो. त्यांनी बॅटरीने घसा पाहिला, काटा दिसत नाही, ओरखडा गेला असेल म्हणाले, गोळ्या आणि पित्ताचं औषध दिलं. सोमवारी रात्री ताप चढला. मंगळवारी सकाळी मान दुखतेय म्हणाले म्हणून मी बाम चोळायला बसले. उजवीकडे, गळ्याच्या हाडाच्या जरा वर बोटं दाबली आणि कातडीखाली काहीतरी चुरचुरलं. कुरमुऱ्यांची पिशवी वरून दाबावी तसं. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. बाबांचा आवाजही बदलला होता, नाकातून बोलल्यासारखा येत होता. मला काही कळत नव्हतं, पण माणसाच्या मानेत असं चुरचुरत नसतं एवढं कळलं. टॅक्सी केली आणि परळ गाठलं.

कॅज्युअल्टीतल्या मुलीने, चोवीस-पंचवीसची असेल, तिथेच बोट दाबलं आणि ताबडतोब म्हणाली, "यांना आता पाण्याचा घोटही द्यायचा नाही." एवढं बोलून ती सरांना बोलवायला धावली. कातडीखाली हवा शिरली होती. अन्ननलिकेला छिद्र पडून तिथून हवा बाहेर येत होती.

सीटी झाला. त्याआधी पाण्यात विरघळणारं औषध दोन घोट प्यायला दिलं, ते कुठून झिरपतं ते चित्रात दिसतं. अशा चित्रासाठी एरवी पाजतात ते बेरियम का नाही विचारलं तर म्हणाले, ते छातीत सांडलं तर तिथेच त्रास देत बसतं. काटा मानेच्या तळाशी आडवा रुतला होता. भोवती हवा होती, थोडी छातीच्या वरच्या भागापर्यंत उतरलेली, पण पू साठलेला नव्हता आणि फुप्फुसाभोवती पाणी नव्हतं. बाबांना भूल देऊन दुर्बिणीतून काटा काढला. बाटलीत घालून मला दाखवला. जेमतेम अडीच सेंटिमीटर. त्याच वेळी नाकातून एक बारीक नळी दुर्बिणीने बघत बघत छिद्राच्या पुढे, थेट लहान आतड्यापर्यंत नेऊन ठेवली.

मी विचारलं, "ऑपरेशन कधी?" मोठे सर्जन म्हणाले, "आज तरी नाही. गळती एका जागी थांबलेली आहे, बाहेर पसरत नाहीये. पण सही आत्ताच करून ठेवा. ताप चढला, नाडी वाढली, नाहीतर श्वासाला त्रास झाला तर रात्री दोनलाही आत घ्यावं लागेल." त्या सहीच्या कागदाने मला जितकं घाबरवलं तितकाच धीरही दिला. ही माणसं वाट बघणार होती, पण डोळ्यात तेल घालून.

मग सुरू झाले ते दिवस. तोंडाने काहीही नाही. सलाइन, दिवसातून तीनदा अँटिबायोटिकची इंजेक्शनं, आम्ल कमी करायचं इंजेक्शन, नळीतून दूधासारखं तयार अन्न थेंब थेंब. आणि ज्याची मला कल्पनाच नव्हती ते म्हणजे थुंकी. माणसाला दिवसभरात लीटर-दीड लीटर लाळ सुटते, आणि आपण ती नकळत गिळत असतो. पहिले काही दिवस तीही गिळायची नाही. बाबा उशाशी टमरेल घेऊन बसायचे. ज्यांनी पंचवीस वर्षं गोदीत ओझी उचलली ते दर दोन मिनिटांनी त्या टमरेलात थुंकायचे आणि माझ्याकडे बघायचे नाहीत.

चौथ्या रात्री त्यांनी माझा हात धरला. "एक चमचा पाणी. कुणाला कळणार नाही." ओठ फुटलेले, जीभ पांढरी झालेली. मी ओला गॉझ ओठांवरून फिरवत राहिले. बाटली माझ्या पिशवीतच होती. नाही दिलं. ते भिंतीकडे तोंड करून झोपले आणि मी बाहेर जाऊन रडले.

सातव्या दिवशी पुन्हा औषध पाजून चित्र काढलं. बारीकशी गळती अजून होती. पुन्हा पाच दिवस. बाराव्या दिवशी काही झिरपलं नाही. सिस्टरने प्लॅस्टिकच्या चमच्याने पाणी पाजलं. बाबांनी ते लगेच गिळलं नाही, तोंडात धरून ठेवलं, मग डोळे मिटून गिळलं. त्यानंतर नारळपाणी, गाळलेलं वरणाचं पाणी, तांदळाची पेज. सोळाव्या दिवशी डिस्चार्ज.

कुणाच्या घरी अशी वेळ आली तर दोन प्रश्न विचारता यावेत म्हणून हे लिहिलं.

निशिगंध

बापरे. वाचताना घशात दुखायला लागलं. तो भाताचा मुटका आमच्याकडेही चालतो गं, आजी तर हमखास द्यायची. बाबांना सांभाळ, तूही जरा झोप.

कोळीवाडा

आम्ही मासे विकणारी माणसं, आमच्या घरातही मुटकाच देतात. बारीक मऊ काटा असेल तर जातोही खाली, म्हणून लोकांचा विश्वास बसलाय. पण करली, पाला, बोय यांचे काटे वेगळे, ते सुईसारखे असतात. माझ्या चुलत्याला पाल्याचा काटा रुतला होता, तो सायनला काढला. छिद्र नव्हतं पडलं. ताई, मग मुटक्याऐवजी करायचं काय?

शस्त्रक्रिया_वाला

मी जनरल सर्जन आहे, उपनगरात काम करतो. ताईंनी लिहिलंय ते अचूक आहे, त्यात थोडी भर घालतो.

कोळीवाडा, आधी तुमचं उत्तर. खाणं थांबवायचं. जोरात खोकून, चूळ भरून निघाला तर ठीक. नाही निघाला, टोचणं गिळताना जाणवतच राहिलं, तर त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे किंवा दुर्बिणीची सोय असलेल्या हॉस्पिटलात. मुटका, केळं, भाकरीचा तुकडा यांनी काटा पुढे जातो तसा आडवा होऊन भिंतीत घुसतोही. बोटं घालून ओकारी काढू नका. छातीच्या वरच्या भागात अन्ननलिकेला लागूनच महाधमनीची कमान असते, तिथे रुतलेला काटा आंधळेपणाने ओढणं किंवा ढकलणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. म्हणूनच आधी सीटी काढतात.

आता छिद्राबद्दल. अन्ननलिका साधारण पंचवीस सेंटिमीटर लांब. पोटातल्या आतड्याला बाहेरून एक पातळ चिवट आवरण असतं, ते अन्ननलिकेला नाही. त्यामुळे फाटली की अडवणारं फारसं काही नसतं. त्यात आपण श्वास आत घेतो तेव्हा छातीतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो, म्हणजे प्रत्येक श्वासाबरोबर लाळ, अन्न, आम्ल आणि जंतू त्या छिद्रातून छातीकडे ओढले जातात. मानेतलं छिद्र त्या मानाने सौम्य, तिथे आजूबाजूचे पडदे गळती अडवून धरतात. छातीतलं छिद्र गंभीर. चोवीस तास उलटले की धोका झपाट्याने वाढतो. बाबा जवळजवळ दोन दिवसांनी पोचले, पण छिद्र लहान, जागा वरची आणि गळती कोंडलेली, म्हणून वेळ मिळाला.

ऑपरेशनशिवाय कुणाला ठेवता येतं याचे निकष कॅमेरॉन आणि सहकाऱ्यांनी १९७९ साली मांडले. त्यात नंतर भर पडली, गाभा तोच आहे. गळती कोंडलेली हवी आणि बाहेर आलेलं औषध परत अन्ननलिकेतच येताना दिसायला हवं. रोग्याला जंतुसंसर्गाने ग्रासलेलं नसावं. छिद्र पोटाच्या पोकळीत उघडत नसावं. पुढे कॅन्सर किंवा अरुंद जागेमुळे वाट अडलेली नसावी. आणि मी सगळ्यात वर ठेवतो ती अट म्हणजे चोवीस तास सर्जन, सीटी आणि आयसीयू एकाच छताखाली हवेत. यातलं काही नसेल तर रोग्याला तिथे हलवायचं.

अबोली

डॉक्टर, खूप माहिती मिळाली. एक विचारते. माझ्या सासूबाईंचं गिळणं अडतं, अन्ननलिकेच्या खालच्या झडपेचा त्रास आहे, एकॅलेशिया म्हणतात. पुढच्या महिन्यात फुग्याने ताणणार आहेत. संमतीच्या कागदावर 'छिद्र पडण्याची शक्यता' असं लिहिलंय. हे वाचून त्या नकोच म्हणतायत.

शस्त्रक्रिया_वाला

अबोली, धोका खरा आहे, म्हणून लिहितात. शंभरातल्या काही थोड्या जणांना होतो. पण ते छिद्र पडलं तर हॉस्पिटलातच आणि उपाशीपोटी पडतं, आणि लगेच लक्षात येतं. मोठा फरक त्यानेच पडतो. फुगा सहसा आधी तीस मिलिमीटरचा वापरतात, गरज पडली तर पुढचा मोठा. घरी आल्यावर छातीत, पाठीत किंवा मानेत नवं दुखणं, ताप, धाप यातलं काहीही झालं तर उद्यावर ढकलू नका, हे सासूबाईंना आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. झडपेचा स्नायू कापायचे दुसरेही मार्ग आहेत, त्याबद्दल त्यांच्या डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा.

ठाकुर्ली_लोकल

धागा चांगला आहे, पण दुसरी बाजू मांडल्याशिवाय राहवत नाही. शीर्षक वाचून कुणी 'ऑपरेशन नकोच' म्हणून अडून बसू नये.

माझा मेहुणा, वय एकेचाळीस. दोन वर्षांपूर्वी एका रात्री भरपेट जेवण, दारू, मग जोरजोरात उलट्या. शेवटच्या उलटीबरोबर छातीत असं दुखलं की तो जमिनीवर लोळला. सगळ्यांनी हार्ट अटॅक धरला. ईसीजी नॉर्मल आला. मग पित्त म्हणाले, गॅस म्हणाले, इंजेक्शन देऊन रात्रभर ठेवलं. सकाळी श्वास लागला तेव्हा एक्स-रे काढला. डाव्या फुप्फुसाभोवती पाणी भरलेलं. नळी घातली तर त्यातून आदल्या रात्रीचा भात आला. मी ते डोळ्यांनी पाहिलंय.

मुंबईत आणलं. इथे मीच डॉक्टरांशी वाद घातला. मोबाइलवर वाचलं होतं की स्टेंटने, म्हणजे आतून बसवायच्या जाळीच्या नळीने, काम होतं, छाती कशाला उघडता. सर्जन बाई शांतपणे म्हणाल्या, "स्टेंटने भोक झाकता येईल, पण जे आत सांडलंय ते कोण धुणार?" चार तास ऑपरेशन. छाती धुतली, फाटलेलं शिवलं, पोटातून आतड्यात अन्नाची नळी ठेवली. एकोणतीस दिवस हॉस्पिटल. आज तो कामावर जातो. त्या बाईंनी माझं ऐकलं असतं तर तो नसता. मला ते रात्री अजूनही आठवतं.

गिरणगावची

दादा, हे लिहिलंत ते बरं झालं. मी 'ऑपरेशन टळलं' म्हणून धागा काढला नाही, पण शीर्षकाने तसं वाटू शकतं. आमच्या सर्जननीही पहिल्या दोन दिवसांत दर काही तासांनी येऊन मान दाबून पाहिली, रोज रक्त तपासलं. सही केलेला तो कागद फाइलमध्ये सोळाही दिवस होता.

शस्त्रक्रिया_वाला

ठाकुर्ली_लोकल, तुमच्या मेहुण्याला झालं, म्हणजे जोराच्या उलटीने अन्ननलिका फाटणं, त्याला बोरहावे सिंड्रोम म्हणतात. लायडनच्या हर्मन बोरहावे यांनी १७२४ साली त्याचं पहिलं वर्णन छापलं. रोगी एक डच नौदलप्रमुख होता, तोही भरपूर जेवण आणि मग ओकारीची औषधं. शवविच्छेदनात जेवण छातीत सापडलं. त्यानंतर दोनशेहून जास्त वर्षं या रोगाचा रोगी शस्त्रक्रियेने वाचल्याची नोंद नव्हती. शिवून वाचल्याच्या पहिल्या नोंदी १९४७ च्या, त्यातली एक लंडनच्या नॉर्मन बॅरेट यांची. म्हणून कुणी 'शस्त्रक्रिया नको' म्हणतं तेव्हा मला हे आठवतं. शिवता येणं हेच केवढं मोठं पाऊल होतं.

लक्षात ठेवा: उलटी, त्यापाठोपाठ छातीत कळ, आणि मानेत कातडीखाली चुरचुर. तिन्ही एकत्र दरवेळी दिसतातच असं नाही. पण उलटीनंतर छातीत अचानक भयंकर कळ आली असेल तर 'उलटी आधी, कळ नंतर' हा क्रम डॉक्टरांना आवर्जून सांगा. अटॅकमध्ये बहुधा कळ आधी असते. त्या एका वाक्याने तपासाची दिशा बदलू शकते.

एक सौम्य भावंडही आहे. उलट्यांनंतर फक्त आतला पापुद्रा फाटतो आणि रक्ताची उलटी होते. ते मॅलरी-वाइस. रक्त बघून घाबरायला होतं, हॉस्पिटलात जायलाच हवं, पण ती चीर बहुतेक वेळा आपसूक भरते. दोन्हींत गल्लत नको.

वसईकर

शस्त्रक्रियेच्या अलीकडचं आणि 'नुसतं उपाशी ठेवणं' याच्या पलीकडचं असं मधलं काही असतं, ते आमच्या आईच्या बाबतीत पाहिलं. तिला अन्ननलिकेचा कॅन्सर, भाग काढून जोड दिला होता. आठव्या दिवशी जोडातून गळती. आम्ही खचलो, पुन्हा छाती उघडणार म्हणून. तर त्यांनी दुर्बिणीतून गळतीच्या जागी स्पंजचा तुकडा ठेवला, त्याची नळी नाकातून बाहेर आणून यंत्राला जोडली. यंत्र सतत हलकं ओढत राहतं. घाण बाहेर येते, जखम आतून भरत येते. दर तीन-चार दिवसांनी स्पंज बदलायचा, दरवेळी भूल. सहा वेळा बदलला. यंत्राचा तो गुरगुर आवाज अजून कानात आहे. पण दर खेपेला डॉक्टर फोटो दाखवायचे, खड्डा लहान होत जाताना आम्ही डोळ्यांनी पाहिला.

शेजारच्या खाटेवरच्या काकांना झाकलेला स्टेंट होता, जाळीची नळी. तो एकदा खाली घसरला, पुन्हा बसवावा लागला. काही आठवड्यांनी काढतात. आणि दोघांनाही छातीत ड्रेन होताच. जे साठलंय ते बाहेर काढावंच लागतं, त्याला पर्याय नाही.

शस्त्रक्रिया_वाला

वसईकर, नेमकं सांगितलंत. अगदी लहान, ताजं छिद्र असेल तर दुर्बिणीतूनच क्लिप लावतात, हेही त्यातच धरा.

निशिगंध

खर्चाचं काय गं? विचारावं की नको कळत नव्हतं.

गिरणगावची

विचार की. आमचं सरकारी हॉस्पिटल, त्यामुळे खाटेचा आणि डॉक्टरांचा खर्च किरकोळ. पण नळीतून द्यायचं तयार अन्न आणि काही इंजेक्शनं बाहेरून आणावी लागली, ते टोचलं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी पहिल्याच दिवशी रेशनकार्ड आणि आधार घेऊन हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला भेटा, डिस्चार्जच्या दिवशी नव्हे. योजनेत आपला आजार आणि हॉस्पिटल बसतं का ते तेच सांगतात.

कोळीवाडा

ताई, घरी आल्यावर जेवणाचं काय? तूप, ज्येष्ठमध, कोरफड असं काही देता का? जखम भरते म्हणतात.

गिरणगावची

नाही दादा. आमच्या आत्यानेही मध-तूप पाठवलं होतं, तिचा जीव तुटतो भावासाठी. मी तिला समजावून परत ठेवायला लावलं. लिहून दिलंय तेवढंच देते. पहिला आठवडा सगळं पातळ: पेज, ताक, मुगाचं गाळलेलं कढण. मग मऊ भात, दूध-पोळी भिजवून कुस्करून. मेतकूट भाताला बाबा पहिल्यांदा हसले. दर घासाला थांबायचं, जेवून लगेच आडवं व्हायचं नाही. पाच किलो वजन उतरलंय.

अबोली

अपडेट देते. सासूबाईंना हा धागा वाचून दाखवला. त्यांनी डॉक्टरांना स्वतः विचारलं, "छिद्र पडलं तर इथे कोण सर्जन असतो?" डॉक्टरांनी नाव सांगितलं आणि भेटही घालून दिली. फुगा झाला, सगळं ठीक आहे. काल त्यांनी आख्खी पोळी खाल्ली.

गिरणगावची

अबोली, किती बरं वाटलं वाचून.

आमचंही सांगते. काल सहा आठवडे झाले, पुन्हा दुर्बीण घातली. छिद्राच्या जागी एक फिकट रेघ दिसते, गिळायची वाट रुंद आहे. आता पुढची तपासणी काही त्रास झाला तरच. मार्गशीर्ष कधीच संपला, पौष लागला, तर बाबांनी घरी येता येताच विचारलं, "मासे?" डॉक्टर हो म्हणाले होते. आईने सुरमईचा मधला तुकडा आणला, उकडून मधला काटा काढला, मग सगळा तुकडा ताटात मोडून बोटांनी दोनदा चाचपला. बाबांनी चावून चावून खाल्ला, अर्धा तास लागला. टीव्ही बंद होता. बाबांनीच बंद करायला सांगितला होता.